शोधखातं

किल्ली हरवली की आमच्या घरात आधी किल्ली शोधत नाहीत, मला शोधतात. "अगं, किल्ली पाहिलीस का?" हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. त्यात विनंती असते, 'तूच आवरताना कुठं तरी टाकली असशील' हा संशय असतो, आणि लोकल चुकली तर दोष कुणाचा हेही आधीच ठरलेलं असतं. शोधण्याचं हे खातं माझ्याकडे नेमकं केव्हा आलं ते सांगता येणार नाही. लग्नानंतर कधीतरी मी एखादी किल्ली चटकन शोधून दिली असणार आणि तिथंच नेमणूक कायम झाली. या खात्यात बदली नाही आणि निवृत्तीही नाही.

खातं सांभाळता सांभाळता माझी काही मतं बनली आहेत. हरवणाऱ्याच्या स्मरणशक्तीला नावं ठेवण्यात अर्थ नाही, हे त्यातलं पहिलं. आमच्या ह्यांना १९८३च्या वर्ल्ड कपच्या अंतिम सामन्यातल्या श्रीकांतच्या ३८ धावा अजून पाठ आहेत. दहा मिनिटांपूर्वी हातातली किल्ली कुठं टेकवली ते मात्र विचारू नये. टेकवताना डोळे दुसरीकडे होते आणि मन तिसरीकडेच, तेव्हा ती गोष्ट डोक्यात शिरलीच नाही. शिरलीच नाही ती आठवणार कुठून? म्हणून "आठवून बघा ना जरा" असं म्हणणं मी फार पूर्वी सोडून दिलं.

त्याऐवजी मी विचारते, "आलात तेव्हा हातात काय होतं?" दूध असेल तर किल्ली फ्रिजवर किंवा फ्रिजमध्ये. ओली छत्री असेल तर बाथरूम, कारण छत्री बादलीत टाकायची असते. फोनवर बोलत आले असतील तर गॅलरी, कारण आमच्याकडे रेंज फक्त गॅलरीत. भाजी असेल तर पिशवीतच, मेथीच्या जुडीखाली. पावसाळ्यात रेनकोटचा खिसा आणि हातात काहीच नसेल तर दाराला बाहेरून. बाहेरून लटकणारी किल्ली आम्हाला दूधवाला पहाटे बेल मारून परत करतो, फार समजूतदार चेहऱ्यानं. या जागा ऐकायला हास्यास्पद वाटतात, पण एकही विनाकारण नाही. हात मोकळा करण्याची पहिली संधी जिथं मिळाली तिथं किल्ली उतरली, इतकंच.

मुळात किल्लीचं नशीबच खोटं. दार उघडलं की तिचं काम संपतं, आणि काम संपलं की माणसाचं लक्ष त्या कामात वापरलेल्या वस्तूवरून उडतं. झेरॉक्सच्या दुकानात बघा. प्रती मोजून घेतात, सुटे पैसे मोजून घेतात आणि मूळ आधार कार्ड काचेखाली ठेवून निघून जातात. प्रती हव्या होत्या, त्या मिळाल्या, विषय संपला. बहुतेक एटीएम आधी कार्ड परत करतात आणि मग पैसे देतात ते याच खोडीमुळे. पैसे आधी हाती पडले तर कार्ड तिथंच ठेवून जाणारे पुष्कळ निघतात. एटीएम बनवणाऱ्यांनी माणूस सुधारण्याची वाट पाहिली नाही, क्रम बदलला. हे मला फार आवडतं. घराच्या दाराला मात्र ही सोय नाही. किल्ली परत जागेवर गेल्याशिवाय पंखा लागणार नाही, असं काही करता आलं असतं तर आमचं निम्मं आयुष्य सुखाचं झालं असतं. हॉटेलांच्या खोल्यांत तसं असतं म्हणा. कार्ड खाचेत घातल्याशिवाय दिवे लागत नाहीत, आणि म्हणून हॉटेलात आमच्या ह्यांची खोलीची किल्ली आजवर हरवलेली नाही.

त्यात दार ही जागाच विसरण्याची. अमेरिकेतल्या गेब्रिएल रॅडव्हान्स्की नावाच्या मानसशास्त्रज्ञानं आपल्या सहकाऱ्यांबरोबर २०११ साली प्रयोग छापले. लोकांना वस्तू उचलून न्यायला लावायचं, कधी एकाच खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत, कधी तेवढंच अंतर पण मधे दार ओलांडून. दार ओलांडलेल्यांना आपण काय नेत होतो, काय ठेवून आलो याचा विसर जास्त पडला. दारातून गेलं की मन मागच्या खोलीचं प्रकरण मिटवतं आणि नवं उघडतं, असं त्यांचं म्हणणं. स्वयंपाकघरात येऊन 'मी इथं कशाला आले?' म्हणत उभ्या राहणाऱ्या बायकांना यात नवं काही वाटणार नाही. पण किल्ली ही तर हमखास दारातच हातात असणारी वस्तू! मिटलेल्या प्रकरणाबरोबर तीही मिटते.

माझ्या आजीची किल्ली कधी हरवली नाही. वाईच्या वाड्यात तिच्या कमरेला चांदीचा छल्ला खोचलेला असे, त्यात कोठीच्या खोलीची, फडताळाची आणि दागिन्यांच्या पेटीची किल्ली. छल्ल्याला बारीक घुंगरं होती, त्यामुळे आजी वाड्यात कुठं आहे ते कळायचं आणि किल्ल्या कुठं आहेत तेही. कोठीत लोणच्याच्या बरण्या, गूळ, वर्षाचे तांदूळ. सुनांनी साखर मागायची आणि आजीनं उठून काढून द्यायची. आम्हा मुलांना ते नुसतं मजेचं वाटायचं. पुढं मोठी मामी एकदा सांगत होती, तिच्या लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी आजीनं तो छल्ला तिच्या हातात दिला तेव्हा ती आत जाऊन रडली होती. एवढी वर्षं एक वाटी साखरेसाठी पदर सावरून उभं राहिलेल्या बाईचं ते रडणं होतं. तेव्हा 'जुन्या काळी बघा कशा किल्ल्या जपायच्या' असं कुणी कौतुकानं म्हणू लागलं की मी गप्प बसते. ती किल्ली जपली जायची कारण घरातल्या सत्तेचा तो शिक्का होता, आणि शिक्का कुणी फ्रिजवर ठेवत नाही.

वाड्याच्या मोठ्या दाराला तर दिवसा कुलूप नसेच. रात्री आतून अडसर आणि कडी. घरात सतत माणूस असल्यावर बाहेरून कुलूप लावण्याचे प्रसंग किती येणार? काशीयात्रा आणि लग्नकार्य. किल्ली खिशात घेऊन हिंडणारी माणसं पुढं आली, घरटी दोघं नोकरीला जाऊ लागली तेव्हा. मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी कुलपांचा कारखाना काढला तो १८९७ साली, पण आमच्यासारख्यांच्या दारावर ओढलं की आपोआप लागणारं लॅच आलं ते फ्लॅटबरोबर. गॅसवर दूध, कचरा टाकायला बाहेर पाऊल आणि मागून वाऱ्यानं 'खाट्‍': हा प्रसंग ज्यांच्यावर गुदरला त्यांना लॅचबद्दल काही सांगायला नको. शनिशिंगणापूरला घरांना दारंच नसायची, कुलूप तर दूरच. २०११ साली तिथं युको बँकेची शाखा निघाली तीही कुलपाशिवाय, म्हणून सगळ्या पेपरांत बातमी होती. ह्यांनी ती मला मोठ्यानं वाचून दाखवली आणि तिथं घर घेता येईल का, असं विचारलं.

तर आता उपायांचं. सगळ्यांना सुचणारा पहिला उपाय म्हणजे खुंटी. आमच्याकडेही सावंतवाडीहून एक सुंदर लाकडी पट्टी आली, वर आंबा, काजू, केळं असं रंगीत कोरीव काम आणि खाली पितळी आकडे. ती कुठं लावायची यावर घरात चर्चा झाली आणि जिथं शोभेल तिथं लावली, म्हणजे सोफ्याच्या वर, दाराच्या समोरच्या भिंतीवर. पाहुणे तिचं कौतुक करत. किल्ल्या मात्र तिच्यावर कधी राहिल्या नाहीत. तिच्यावर पुढं कॅलेंडर लटकलं, राखी लटकली, मास्क लटकले.

तेव्हा मी एक केलं. काही दिवस कुणालाही काही न बोलता नुसतं पाहिलं. घरात शिरणारा माणूस पहिल्यांदा काय करतो? आपल्याकडे तो चप्पल काढतो. त्यासाठी वाकतो, तोल सांभाळायला एक हात चपलांच्या कपाटावर टेकतो, आणि त्या क्षणी त्याच हातात किल्ली असते. ती तिथं क्षणभर ठेवली जाते आणि चप्पल काढून झाली की परत उचलली जाते, का तर 'किल्लीची जागा ती नाही' म्हणून. घोटाळा इथं होता. हातानं जागा कधीच निवडली होती. आम्हीच तिला दुसरीकडे घालवत होतो. मी कपाटावर एक स्टीलची वाटी ठेवली. आमटीचीच, जुनी, बूड थोडं चेपलेली. कुणाला काही सांगितलं नाही. पहिल्याच संध्याकाळी 'खण्‍' असा आवाज आला.

तो आवाज फार उपयोगाचा निघाला. टोपली किंवा कापडी खण असता तर किल्ली मुक्यानं पडली असती. वाटीत ती पडल्याचं हरवणाऱ्याच्या कानाला कळतं, डोळे कुठंही असोत. आणि आत स्वयंपाकघरात मला कळतं. खण्‍ झालं नाही तर मी पोळी लाटता लाटता हाक मारते, "वाजली नाही हो!" आमच्या सुनेनं त्या वाटीच्या जागी प्रदर्शनातून एक निळ्या नक्षीची चिनीमातीची ताटली आणली होती. दिसायला चांगली होती, पण आवाज बसका. ती आता साबणाला आहे.

समोरच्या फ्लॅटमधले काका इंजिन ड्रायव्हर होते. मेल-एक्स्प्रेस चालवून निवृत्त झाले. त्यांच्या गावीही वाटी नाही. ते किल्ली टीव्हीच्या बाजूला ठेवतात, तिच्याकडे बोट करतात आणि मोठ्यानं म्हणतात, "किल्ली, टीव्हीपाशी." इंजिनात समोर सिग्नल दिसला की असिस्टंट तो मोठ्यानं सांगतो आणि ड्रायव्हर हात करून तेच परत म्हणतो. नुसतं बघण्यावर रेल्वे विश्वास ठेवत नाही. जपानी रेल्वेत तर बोट दाखवून पुकारण्याची ही शिस्त फलाटावरच्या माणसांपर्यंत गेलेली आहे. काकांची ही सवय काकूंना आधी वेडेपणाची वाटायची. "भिंतीशी काय बोलता?" पण त्यांच्याकडे किल्ली हरवत नाही हे खरं. गॅस बंद केल्यावरही ते म्हणतात, "गॅस, बंद." सिनेमाच्या अर्ध्यात गॅस बंद केला की नाही म्हणून जीव टांगणीला लागणाऱ्यांनी हे करून पाहावं. शेजारी हसले तर हसू द्यावं.

यंत्रांबद्दल माझं मत तितकं बरं नाही. पूर्वी शिट्टी मारली की 'पीं पीं' करणारं कीचेन निघालं होतं. मोठ्या हौसेनं घेतलं. आमच्या कुकरच्या प्रत्येक शिट्टीला ते ओ द्यायचं. डाळीच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत घर दुमदुमायचं. सेल संपला तेव्हा कुणी नवा घातला नाही. आता मुलानं एअरटॅग दिला आहे. अॅपलनं तो २०२१ साली आणला. किल्लीला अडकवायचा आणि फोनवर शोधायचा. किल्ली ऑफिसात राहिली असेल, रिक्षात पडली असेल तर त्याला तोड नाही, हे मी मान्य करते. घरातल्या घरात मात्र आमच्यासारख्यांचं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. तो टॅग फोनमधून वाजवायचा असतो. "अगं, फोन पाहिलास का?" म्हणजे खातं परत माझ्याकडेच.

सासूबाईंचा उपाय यंत्राहून जुना. वस्तू सापडेना की त्या कार्तवीर्यार्जुनाचा श्लोक म्हणतात. माहिष्मतीचा हा हजार हातांचा राजा. त्याचं नाव घेतलं की गेलेली, हरवलेली वस्तू परत मिळते अशी श्रद्धा. गोव्यातल्या माझ्या मैत्रिणीकडे हे काम सांत आंतोनकडे असतं. शिवोलीला त्याचं मोठं चर्च आहे आणि तिथल्या मूर्तीच्या हातात दोरीला बांधलेला साप आहे. आंतोनची स्वतःची एक पोथी चोरीला गेली होती आणि त्यानं प्रार्थना केल्यावर नेणाऱ्यानं ती आणून दिली, अशी कथा. तेव्हापासून हरवलेल्या वस्तूंचं खातं त्याच्या गळ्यात पडलं. मला त्याच्याबद्दल फार आपुलकी वाटते. एकदा एक गोष्ट शोधून मिळाली आणि आठशे वर्षं झाली, लोक त्याला सोडत नाहीत.

यावर हसणारे हसोत, पण मी नीट पाहिलं आहे. श्लोक म्हणायला लागल्या की सासूबाई एका जागी बसतात. त्याआधी त्यांनी तीच उशी चारदा उचललेली असते, तोच खण पुन्हा पुन्हा ओढलेला असतो. घाबरून शोधणारा माणूस बघत नाही, नुसता हात मारतो. किल्ली डोळ्यांसमोर असते आणि दिसत नाही. श्लोकानं धाप कमी होते आणि डोळे परत चालू लागतात. आणखी एक गंमत. गॅरी लुप्यान आणि डॅनियल स्विंगली या दोन संशोधकांनी २०१२ साली दाखवलं की शोधताना त्या वस्तूचं नाव मोठ्यानं घेत राहिलं तर ओळखीची वस्तू लवकर सापडते. नावानं तिचं रूप डोळ्यांपुढं पक्कं होतं म्हणे. मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग राजाचं कशाला, किल्लीचंच नाव घेऊ की काय?" जरा थांबून म्हणाल्या, "दोन्ही घेते."

हे सगळं झालं चालू किल्ल्यांचं, निष्काळजीपणानं ठेवलेल्यांचं. काळजीनं ठेवलेल्या किल्लीचा प्रकार याहून कठीण. गोदरेजच्या कपाटात आत एक लॉकर असतो, त्याची ती चपटी छोटी किल्ली. ती कुणी सहज टेकवत नाही. ती 'जपून' ठेवतात. तांदळाच्या डब्यात, शालूच्या घडीत, देवाच्या तसबिरीमागे, आणि पुन्हा चोराला कळेल म्हणून तिथून काढून चौथीकडे. ठेवताना आपण स्वतःवर खूश असतो, अशी जागा कुणाच्या स्वप्नातही येणार नाही! खरंच येत नाही, आपल्याही. विनोग्राड आणि सोलोवे यांनी १९८६ सालीच यावर प्रयोग केले होते. वस्तूला मुद्दाम शोधून काढलेली, अगदी आगळी जागा दिली तर ती विसरायला होते, साध्या, नेहमीच्या जागा त्या मानानं आठवतात. आणि गंमत म्हणजे माणसांना आधी नेमकं उलटं वाटत असतं. जिथं सुचायला अवघड तिथं आठवायलाही अवघड.

सासूबाईंचं वय वाढलं तसं हे जपून ठेवणं वाढलं. रोज रात्री कपाट बंद करायचं, किल्ली नवीन जागी ठेवायची आणि सकाळी रडकुंडीला यायचं. "कुणीतरी नेली." हे 'कुणीतरी' कधी कामवाली असे, कधी मी. मला राग यायचा, नाही असं नाही. मग त्यांची नणंद आली असताना तिनं सहज विचारलं, "वहिनी, कपाटात आहे तरी काय एवढं?" तर चार साड्या, सासऱ्यांचं घड्याळ आणि एफडीच्या पावत्या, दागिने केव्हाच बँकेत गेलेले. किल्ली काढून घेतली असती तर त्या खचल्या असत्या. कपाट उघडं ठेवू म्हटलं तर झोपल्या नसत्या. शेवटी मी परकराची एक लाल नाडी घेतली आणि किल्ली कपाटाच्याच मुठीला बांधून टाकली. त्यांनी कुलूप लावून पाहिलं, मूठ ओढून पाहिली. लागलेलं होतं. किल्ली शेजारी लोंबत होती. जावई म्हणाले, "आई, हे तर चोराला आमंत्रण!" त्यावर त्या म्हणाल्या, "चोराला ती आधीही सापडलीच असती. मला सापडत नव्हती." आता त्या रोज रात्री कपाट लावतात आणि लगेच झोपतात.

राहता राहिली बँकेतल्या लॉकरची किल्ली. तिथं दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक आपली. आपलीची दुसरी प्रत बँकेकडे नसते. ती हरवली तर लॉकर फोडावा लागतो, तोही आपल्या खर्चानं. आमटीच्या वाटीत तिला ठेवणं शक्य नाही, नाडीला बांधणं शक्य नाही, आणि जपून ठेवण्याचं काय होतं ते वर सांगितलंच. काकांच्या पद्धतीनं बोट दाखवून मोठ्यानं पुकारावं तर घरात ऐकणारे फार. मी तिच्यासाठी एक अगदी साधी, कुणालाही सुचेल अशी जागा ठरवली आहे. ती इथं छापणं बरं नव्हे. ह्यांनाही अजून सांगितलेली नाही, पण लवकरच सांगणार आहे, म्हणजे मला आठवली नाही तर विचारायला कुणीतरी असेल.